माती कुठून काढली?

माझे वडील, नाना, त्या उंचवट्यावर पहिल्यांदा बसले तेव्हा त्यांचं लक्ष खेळाकडे नव्हतंच. बूट-मोजे काढून त्यांनी पाय गवतावर टेकले, टाचेनं दोन-चार वेळा जमीन दाबून पाहिली आणि मला विचारलं, "भराव आहे ना रे हा? एवढी माती कुठून काढली?"

आम्ही बसलो होतो फ्लोरिडात, पॉन्टे व्हेड्रा बीच या गावी, टीपीसी सॉग्रास या गोल्फ क्लबच्या स्टेडियम कोर्सवर, म्हणजे मैदानावर. मी राहतो जॅक्सनव्हिलला, तिथून गाडीनं अर्धा तास. दरवर्षी मार्चमध्ये या कोर्सवर प्लेयर्स चॅम्पियनशिप ही व्यावसायिक गोल्फची मोठी स्पर्धा होते आणि मी गेली काही वर्षं तिथे स्वयंसेवक म्हणून उभा राहतो. खेळाडू फटका मारायला उभा राहिला की हात वर करून लोकांना गप्प करायचं, एवढंच माझं काम. आई आणि नाना आले होते त्या वर्षी मी मुद्दाम बुधवारची सुट्टी घेतली. बुधवार सरावाचा दिवस, गर्दी बेताची, आणि खेळाडूंबरोबर त्यांचे कॅडीही, म्हणजे काठ्यांची पिशवी वाहणारे मदतनीसही, सतराव्या होलच्या टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, एकेक फटका मारतात अशी तिथली पद्धत. लोक आपल्या घरच्या मुलाला टाळ्या द्याव्यात तशा त्या कॅडींना टाळ्या देतात. मला वाटलं, नानांना हे आवडेल.

समोर कोर्सच्या अठरा होलांपैकी, म्हणजे टप्प्यांपैकी, सतरावा होल होता. लांबी १३७ यार्ड, म्हणजे सव्वाशे मीटर. पार तीन, म्हणजे चांगल्या खेळाडूनं तीन फटक्यांत चेंडू कपात घालावा. आकड्यांत पाहिलं तर त्या पातळीच्या खेळाडूला हा सगळ्यात सोपा फटका, हातात छोटी काठी, नऊ नंबरची नाहीतर वेज. पण टी आणि ग्रीन, म्हणजे जिथे तो कप असतो तो गुळगुळीत हिरवळीचा तुकडा, यांच्यामध्ये नुसतं पाणी आहे. ग्रीनच्या उजवीकडे पाणी, डावीकडे पाणी, मागेही पाणी. चार हजार चौरस फुटांच्या आतबाहेरचं एक हिरवं बेट, पुढच्या बाजूला चिमुकला बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, आणि मागून चालत जायला एक चिंचोळी वाट. चेंडू बेटावर पडला तर पडला. नाहीतर गेला.

मी नानांना हेच रंगवून सांगत होतो. ते मान डोलवत होते. माझं सांगून झाल्यावर त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, या वेळी हात लांब करून, डावीकडच्या टेकाडापासून उजवीकडच्या टेकाडापर्यंत बोट फिरवत. "हे सगळं उचललेलं आहे. मग खड्डा कुठाय?" आणि मग माझ्या उत्तराची वाट न बघता, पाण्याकडे पाहून स्वतःशीच म्हणाले, "हा काय. हाच खड्डा."

मी या कोर्सबद्दल बरंच वाचलं होतं. सतराव्याची कथा मला तोंडपाठ होती. पण ती कथा ज्या एका वाक्यावर उभी आहे ते वाक्य नानांनी दहा मिनिटांत, कुणी न सांगता, टाचेनं शोधून काढलं. मला त्या क्षणी माझ्या बापाचा जो अभिमान वाटला तो कुठल्या शब्दात सांगावा कळत नाही.

आमचं गाव अलिबाग तालुक्यात, खारेपाटात. ज्यांनी तो भाग पाहिलेला नाही त्यांना थोडं सांगायला हवं. आमची शेतं उधाणाच्या भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. मधे आहे तो मातीचा बांध. बांधाबाहेर खाडी आणि कांदळवन, आत भात. बांधाला जागोजागी उघाड्या असतात. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी त्यातून बाहेर पडतं आणि भरती चढली की तिच्याच दाबानं झडप मिटते. मोठ्या उधाणाला बांध फुटला, खांड गेली, की खारं पाणी आत येतं आणि ते शेत पुढची दोन-तीन वर्षं तरी हाताला लागत नाही. माझ्या लहानपणी रात्री-अपरात्री "खांड गेली" अशी हाक आली की घराघरातून पुरुष फावडी घेऊन पळायचे. त्या आवाजाची धास्ती अजून माझ्या अंगात आहे.

अशा जागी घर बांधायचं तर आधी जमीन उचलावी लागते. जोतं उंच हवं. बाहेरून माती विकत आणावी अशी कुणाची ऐपत नव्हती आणि रस्तेही नव्हते. मग घराच्या पुढ्यातच खणायचं आणि निघालेली माती जोत्यावर टाकायची. जोतं जेवढं चढेल तेवढा खड्डा खोल. पावसाळ्यात तो भरतो आणि त्याचं तळं होतं. आमच्या घरासमोरचं तळं माझ्या आजोबांनी खणलं. नाना तेव्हा आठ-नऊ वर्षांचे होते. चिकट काळी माती पाटीत भरून डोक्यावरून वाहायची, चुंबळ घसरली की पाटीचा काठ कपाळात रुतायचा. तो वण त्यांच्या केसांच्या रेषेपाशी आजही आहे. आई म्हणते, तो वण बघूनच मी ओळखलं होतं की मुलगा खारेपाटातला आहे.

त्या तळ्यात आम्ही जिताडा सोडतो. पावसाळ्यात खाडीतून बोटाएवढी पिल्लं आणायची, तळ्यात टाकायची आणि विसरून जायचं. जिताडा खादाड मासा, तळ्यातली बारीक मासळी खाऊन वाढतो. दोन-तीन वर्षांनी उन्हाळ्यात पाणी आटलं की जाळं लावून काढायचा. घरी जावई यायचा असेल तर जिताडा निघालाच पाहिजे, हा आमच्याकडचा मान. घर उभं राहिलं त्या मातीतून, आणि माती जिथून निघाली तिथे मासा पिकला. लहानपणी मला यात विशेष काही वाटत नसे. सगळ्यांच्या घरासमोर तळं असतंच, असं मी धरून चाललो होतो.

सॉग्रासची गोष्ट अशी. १९७०च्या दशकात डीन बीमन हे पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फरांच्या संघटनेचे कमिशनर, म्हणजे प्रमुख, होते. खेळाडूंच्या संघटनेचं स्वतःचं, प्रेक्षकांना नीट बघता येईल असं मैदान हवं, हा त्यांचा ध्यास. १९७७ ते १९८१ प्लेयर्स स्पर्धा त्याच भागातल्या सॉग्रास कंट्री क्लबवर व्हायची. बीमन यांनी जवळच ४१५ एकर जागा मिळवली ती १ डॉलरला. ऐकायला चमत्कार वाटतो, पण जागा होती दलदल. समुद्रकिनारा आणि आतला जलमार्ग यांच्यामधला सखल पट्टा, झाडोऱ्यानं गच्च, साप आणि मगरी. ज्यांची ती जमीन होती त्यांचा हिशोब सरळ होता. इथे टूरचं मुख्य मैदान झालं तर भोवतालच्या आपल्या बाकीच्या जमिनीला भाव येईल. तो हिशोब किती बरोबर निघाला हे आज तिथली घरं पाहिली की कळतं. अलिबागच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही.

मैदान आखायचं काम आलं पीट डाई यांच्याकडे. डाई हे मूळचे विमा विकणारे. त्यांची पत्नी ॲलिस स्वतः हौशी गोल्फमधली नावाजलेली खेळाडू. दोघांनी मिळून आधी इंडियानापोलिसजवळ एक नऊ होलांचा कोर्स बांधला होता, त्यात ओढा तेरा वेळा ओलांडावा लागत असे. १९६३ साली दोघं स्कॉटलंडला जाऊन तिथली जुनी मैदानं पाहून आले. मातीचा काठ धरायला रेल्वेच्या जुन्या स्लीपरांसारखी लाकडं उभी-आडवी लावायची, हे त्यांनी तिथे प्रेस्टविकला पाहिलं आणि पुढे ती त्यांची ओळखच झाली.

दलदलीवर मैदान करायचं म्हणजे जमीन उचलायची. प्रेक्षकांना बसायला टेकाडं हवीत, फेअरवे, म्हणजे टी ते ग्रीनमधले कापलेल्या गवताचे पट्टे, कोरडे राहायला हवेत, आणि सगळीकडे हात-दोन हात खाली पाणी. बाहेरून भराव आणणं परवडणारं नव्हतं. मग खणा आणि टाका, खणा आणि टाका. जिथे खणलं तिथे तळी झाली. सॉग्रासवर जिथे बघाल तिथे पाणी आहे ते यामुळे. एखाद्या दुष्ट डोक्यातून ते आलं असं लोक समजतात. मी पण समजत होतो.

सतराव्याच्या मूळ आराखड्यात ग्रीनच्या एका बाजूला छोटंसं तळं होतं, एवढंच. पण त्या जागी खणताना उत्तम वाळू लागली. बाकी ठिकाणी काळा, कुजकट चिखल आणि इथे स्वच्छ वाळू. फेअरवेच्या वरच्या थराला तीच हवी होती. म्हणून यंत्रं तिथे पुन्हा पुन्हा येत राहिली. बघता बघता ग्रीनच्या जागेभोवती केवढा तरी मोठा खड्डा पडला आणि ग्रीन करायला धड जमीनच उरली नाही. डाई अडकून पडले. तेव्हा ॲलिस म्हणाल्या की मग बेटच करून टाक. जवळच्या पॉन्टे व्हेड्रा क्लबवर नवव्या होलला तसं एक जुनं बेट होतंच, ते त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. ग्रीनची मागची बाजू पाण्याकडे उतरती करायचा डाई यांचा विचार होता, तोही ॲलिसनी मोडून काढला. असं केलंस तर पहिलीच जोडी इथे अडकेल आणि मागची सगळी स्पर्धा खोळंबेल, असं त्यांचं म्हणणं.

मैदान १९८०मध्ये खुलं झालं. १९८२ साली स्पर्धा तिथे पहिल्यांदा झाली तेव्हा खेळाडू इतके वैतागले की नंतर डाई यांना बरीच ग्रीन्स सौम्य करावी लागली. त्या वर्षी जिंकलेल्या जेरी पेट यांनी अठराव्याच्या काठावर आधी बीमन यांना तळ्यात ढकललं, मग डाई यांना, आणि मग स्वतः सूर मारला. त्या प्रसंगाचं चित्रीकरण मी कितीदा पाहिलंय. दोन मोठी माणसं कपड्यांसकट आपण खणवून घेतलेल्या खड्ड्यात पडतात आणि बाहेर येतात तेव्हा चेहऱ्यावर आनंद मावत नसतो.

ॲलिस डाई २०१९मध्ये गेल्या, पीट डाई २०२०मध्ये. अमेरिकेतल्या गोल्फ मैदानांच्या आखणीकारांच्या संस्थेच्या त्या पहिल्या महिला सदस्य आणि पुढे पहिल्या महिला अध्यक्ष. तरीही सतराव्याबद्दल बोलताना लोक अजून "पीट डाईचं बेट" म्हणतात. मला ते खटकतं. कल्पना बाईंची होती, आणि पीट डाई यांनी स्वतः ते कधी लपवलं नाही. मी स्वयंसेवक म्हणून उभा असतो तेव्हा शेजारच्या प्रेक्षकानं विचारलं तर आधी ॲलिसचं नाव घेतो.

आता त्या पाण्यानं माणसांचं काय होतं ते. गोल्फमध्ये चेंडू झाडीत गेला तर शोधता येतो, वाळूत गेला तर काढता येतो, उंच गवतात गेला तर नशिबानं बरा सापडतो. प्रत्येक चुकीला काही ना काही सवलत असते. पाण्यात मात्र अर्धा यार्ड चुकलेला आणि वीस यार्ड चुकलेला दोघे एकाच मापानं मोजले जातात. एक फटका दंड आणि पुन्हा खेळा, नाहीतर पुढे येऊन ठरवून दिलेल्या जागेवरून खेळा. पूर्वी याला नियमांत वॉटर हॅझर्ड म्हणत, २०१९पासून पेनल्टी एरिया म्हणतात. खेळणारे अजून "पाण्यात गेला" एवढंच म्हणतात.

२००७मध्ये एकाच दिवशी, पहिल्या फेरीत, जगातल्या उत्तम खेळाडूंचे ५० चेंडू त्या तळ्यात गेले. वारा होता. तिथला वारा टेकाडांवर आपटून फिरतो, टीवर एक सांगतो आणि पाण्यावर दुसरंच करतो. २०१३ साली शेवटच्या दिवशी सर्जिओ गार्सिया टायगर वुड्सच्या बरोबरीत सतराव्यावर आला आणि त्यानं लागोपाठ दोन चेंडू पाण्यात घातले. त्याच गार्सियानं २००८मध्ये हीच स्पर्धा जिंकली होती ती प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवायच्या जादा खेळात, याच होलवर, कारण समोरच्या पॉल गॉयडोसचा चेंडू पाण्यात गेला होता. १९९९मध्ये फ्रेड कपल्सचा पहिला फटका पाण्यात गेला, दंड धरून त्याच जागेवरून दुसरा मारला तो थेट कपात, आणि कार्डावर पार लिहिला गेला. १९९८मध्ये स्टीव्ह लॉवरीचा चेंडू बेटावर नीट पडलेला असताना एक समुद्रपक्षी आला, त्यानं चोचीत धरायची दोन-चारदा खटपट केली, अखेर उचलला आणि नेऊन पाण्यात टाकला. नियमानं लॉवरीला दंड पडला नाही, चेंडू मूळ जागी ठेवायला मिळाला. ही गोष्ट मी आईला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "अंडं वाटलं असेल बिचाऱ्याला."

१९८५ साली एका मासिकानं देशातल्या अगदी कच्च्या पण नियमित खेळणाऱ्या चार हौशी गोल्फरांना इथे खेळवलं होतं. त्यातल्या एकाला सतराव्यावर ६६ फटके लागले. चेंडूमागून चेंडू पाण्यात गेल्यावर शेवटी त्यानं पटर, म्हणजे ग्रीनवर चेंडू ढकलायची काठी, घेतला आणि मागच्या चिंचोळ्या वाटेवरून चेंडू हळूहळू ढकलत ग्रीनवर नेला. लोक या गोष्टीवर खूप हसतात. मला त्या माणसाबद्दल मनापासून आदर वाटतो. तो वाटेनं गेला, पण पोचल्याशिवाय परतला नाही.

आपल्या लोकांना जवळचा वाटावा असा दिवस म्हणजे १४ मार्च २०२२. पावसानं स्पर्धा सोमवारपर्यंत लांबली होती. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी तीन फेऱ्यांनंतर सगळ्यांच्या पुढे होता. भारतीय माणूस या स्पर्धेत पुढे आहे हे आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इतक्या वेगानं पसरलं की ज्यांनी आयुष्यात गोल्फ पाहिलं नाही ते मला "आता पार म्हणजे काय ते सांग" असं विचारत होते. दुपारी कॅमेरॉन स्मिथनं सतराव्यावर उजव्या कडेच्या झेंड्यापाशी चेंडू टाकून बर्डी घेतली, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी. त्या बाजूला पाण्याशी इतकं खेटून खेळायची हिंमत मी तरी फार थोड्यांत पाहिली. मागून आलेल्या लाहिरीनंही तिथे बर्डी घेतली. अंतर उरलं एका फटक्याचं. अठराव्यावर डावीकडे टीपासून ग्रीनपर्यंत सलग पाणी. लाहिरीला बर्डी हवी होती, शेवटची चिप, म्हणजे ग्रीनजवळून मारलेला छोटा फटका, कपाजवळून गेली आणि तो एका फटक्यानं दुसरा आला. माझ्या शेजारी उभे असलेले तेलुगू गृहस्थ काही न बोलता माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. ती दुपार मी विसरणार नाही.

हा कोर्स रिसॉर्टचा आहे. हॉटेलात उतरणारा कुणीही पैसे भरून खेळू शकतो. पैसे मात्र भरपूर, त्या रकमेत आईचं मुंबईचं एका बाजूचं तिकीट निघावं. पंचेचाळीसाव्या वाढदिवसाला बायकोनं ती फी भरली. "वर्षानुवर्षं दुसऱ्यांना गप्प करतोस, एकदा स्वतः मार," असं म्हणाली.

सतराव्यावर आम्ही पोचलो तेव्हा संध्याकाळचे साडेचार वाजले असतील. टेकाडांवर कुणी नव्हतं. टेलिव्हिजनवर जो होल गर्दीनं फुटून वाहतो तो एकदम निःशब्द. स्पॅनिश मॉसच्या करड्या जटा ओकच्या फांद्यांवरून लोंबत होत्या, त्या हलत होत्या म्हणून वारा आहे हे कळलं. माझे तळवे ओले झाले होते. आमच्याबरोबरचा कॅडी साठीच्या घरातला, स्थानिक माणूस. तो म्हणाला, पाण्याकडे बघायचंच नाही, मागच्या चढावर एक ठिकाण धर आणि तिथे मार. मी ठिकाण धरलं. पण काठी मागे नेली आणि डोळ्यांपुढे आलं ते पाणीच. चेंडू बेटाच्या कडेच्या लाकडावर आपटला, दाराला कडी वाजावी तसा टणक आवाज झाला, चेंडू उंच उडाला आणि डावीकडे पाण्यात पडला. दुसराही मी टीवरूनच मारला. तो आखूड पडला. तिसरा पुढच्या ठरलेल्या जागेवरून मारला आणि तो बेटावर उतरला. दंडाचे दोन आणि ग्रीनवरचे दोन हलके फटके धरून सात.

चिंचोळ्या वाटेनं चालत गेलो. ग्रीनवर उभं राहून मागे वळून पाहिलं तेव्हा मला सतराव्याची भीती वाटली नाही, कसं कोण जाणे, घरच्यासारखं वाटलं. चारी बाजूंना पाणी, मधे उचललेली जमीन, आणि तिच्यावर उभा मी. आमच्या जोत्यावर पावसाळ्यात उभं राहिलं की असंच दिसतं. मी काठाशी बसलो आणि खाली वाकून लाकडांना हात लावला. उभ्या फळ्या एकमेकींना खेटून, पाण्याच्या रेषेपाशी हिरवं शेवाळ, त्याच्यावर पाणी कुठवर चढतं त्याची काळपट खूण. पाणी चहाच्या रंगाचं. त्यात हातभर खोलीवर तीन-चार पांढरे चेंडू स्पष्ट दिसत होते, एकावर कुणाची तरी निळ्या पेननं केलेली खूण. माझे दोन कुठे होते ते काही दिसलं नाही. वर्षाला लाखभर चेंडू या तळ्यातून निघतात असं तिथे सांगतात. पाणबुडे उतरतात, हातानं चाचपून गोळा करतात, धुऊन पुन्हा विकले जातात. फ्लोरिडातल्या कुठल्याही तळ्यात मगर असू शकते, हे धरूनच ती माणसं उतरतात. त्यांच्या कामाबद्दल कुणी लिहीत नाही.

रात्री गावी फोन केला. नानांनी किती फटके लागले ते विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "काठ कशानं धरलाय?" मी म्हटलं, लाकडानं. "कुजत नाही?" कुजतं, बदलतात. मग ते म्हणाले, आपला पूर्वेकडचा काठ या पावसात पुन्हा ढासळला.

हा फोन झाला त्या सुमारास घरात वेगळंच चाललं होतं. धाकटा भाऊ गावीच असतो. अलिबागला शनिवार-रविवारी मुंबईची गर्दी लोटते, पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या तर बरं उत्पन्न होईल, असं त्याचं म्हणणं. त्यात चूक काही नाही. खारेपाटातल्या शेतीवर आज कुणाचं भागतं? जागा मात्र एकच होती, तळ्याची. कंत्राटदार येऊन पाहून गेला होता. तळं बुजवायचं, वर दोन खोल्या आणि गाड्या लावायला अंगण. आमच्या आळीतली तीन तळी अशी आधीच बुजली आहेत. भावानं मला फोनवर विचारलं तेव्हा मी म्हटलं, तुला योग्य वाटेल ते कर. इतक्या लांबून नको कसं म्हणायचं? तिथे राहायचं त्याला, निभवायचं त्याला.

सॉग्रासला जाऊन आल्यापासून मला ते नको वाटतंय हे मात्र खरं. दलदल गेली ती गेली. ४१५ एकरांत जे काही जगत होतं त्याचं काय झालं, याचा विचार माझ्या मनात तिथे उभा असतानाही येतो आणि बरा नसतो. आज आमच्या खाडीकाठच्या कांदळवनावर डंपर रिकामे होताना बघतो तेव्हा तर जीव तुटतो. पण डाई दांपत्यानं एक गोष्ट केली, खणलेला खड्डा लपवला नाही. त्याच्यावर दुसरीकडची माती आणून ओतली नाही. जमीन जिथून उचलली ती जागा सगळ्या जगासमोर उघडी ठेवली. आज तिथे काठाला बगळे उभे असतात, कासवं लाकडावर ऊन खात बसतात.

कंत्राटदार दुसऱ्यांदा आला तेव्हाची हकिकत मला भावानं सांगितली. त्यानं टेपनं तळं मोजलं, इतके ब्रास भराव लागेल असा आकडा काढला, वहीत लिहिला. नाना ओटीवर बसून ऐकत होते. सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, "बुजवायला माती कुठून आणणार?"

"डोंगराची, नाना. मुरूम. एकदम कडक."

"कुठल्या डोंगराची?"

त्यानं नाव सांगितलं. नाना म्हणाले, "म्हणजे आमचा खड्डा तिकडे जाणार," आणि उठून आत गेले. भाऊ म्हणतो, त्यानंतर कंत्राटदारही वही मिटून थोडा वेळ गप्प बसला. चहा घेऊन गेला. पुन्हा त्यानं फोन केला नाही, भावानंही केला नाही. खोल्यांचं आता मागच्या पडवीवर बघू, असं चाललंय. एकच निघेल.

गेल्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला त्याच्या चौथ्या दिवशी भावानं व्हिडिओ कॉल केला. इथे रात्र होती, तिकडे सकाळ. तळं काठोकाठ, पूर्वेचा ढासळलेला काठ नानांनी सुरूच्या ओंडक्यांनी धरलेला, उभे, एकमेकांना खेटून. नाना गुडघाभर पाण्यात, हातात बादली. तीत खाडीतून आणलेली जिताड्याची पिल्लं. एकेक ओंजळीत घेऊन ते पाण्यात सोडत होते आणि मोठ्यानं मोजत होते. एकवीस झाली. मग त्यांनी फोनकडे मान वर केली.

"तीन उन्हाळ्यांनी काढू," म्हणाले. "तेव्हा ये."